दूध नको, पण सोवळंही नको

डिसेंबरात सुंठ-लवंगेच्या कुकीज भाजल्या आणि त्यात दूध, लोणी, अंडं काही नाही असं सांगितलं, की आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. पहिला गट वैतागतो. ‘हे काय नवीन थेर? ख्रिसमस आपला सण नाही, वीगन आपला शब्द नाही.’ दुसरा गट खूश होतो. ‘वा, वीगन! म्हणजे एकदम शुद्ध. सात्त्विक.’

पहिल्या गटाशी भांडणं सोपं आहे, त्यात मजाही येते. दुसरा गट माझ्याच बाजूचा असल्यासारखा येऊन शेजारी बसतो, डब्यातली कुकी उचलतो, आणि मग हळूच विचारतो, ‘पण तुमच्या घरी ते... बाकीचं शिजतं का?’ हा लेख मुख्यतः त्या प्रश्नाविरुद्ध आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कुकीतून दूध आणि अंडं काढायची दोनच चांगली कारणं आहेत. एक, जनावराला होणारा त्रास आपल्यापुरता कमी करावा. दोन, एका डब्यातून जास्तीत जास्त माणसांना खाता यावं. तिसरं कारण, म्हणजे ‘ते वगळलं की आपण इतरांपेक्षा स्वच्छ होतो’, हे वीगन नाहीच. ते जुनं सोवळं आहे, फक्त आता त्याला इंग्रजी नाव आणि हिरवा लोगो मिळालाय.

पायऱ्यांचा खेळ

‘वीगन’ हा शब्द १९४४ सालचा. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या काही सोबत्यांनी तो बनवला. तिथले शाकाहारी लोक दूध-अंडी खायचे, आणि या मंडळींचा सवाल साधा होता: मांस सोडलं ते जनावराच्या जिवासाठी, तर मग दुधासाठी त्याच जनावराचं जे होतं त्याचं काय? उत्तर गैरसोयीचं होतं. म्हणून वेगळी सोसायटी काढावी लागली.

आपल्याकडे हा शब्द उतरला तेव्हा इथे जिना आधीच बांधून तयार होता. कोण काय खातो यावरून कोण कुठल्या पायरीवर बसणार हे ठरवायची सवय जुनी आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये अस्पृश्यतेचा उगम शोधताना ताटाचाच मुद्दा मध्यभागी ठेवला होता. या जिन्यावर मांस खाणारा खाली, अंडं खाणारा त्याच्या वर, शाकाहारी त्याच्याही वर. आता सगळ्यात वर एक नवी पायरी बसवण्यात आलीय, वीगन. म्हणजे शाकाहार प्रो मॅक्स.

गंमत अशी, की या जिन्याला दुधाचं काहीच वावडं नाही. कोपऱ्यावरच्या केकच्या दुकानात ‘एगलेस’ची पाटी असते. त्या केकमधलं अंडं काढून त्या जागी काय घालतात? बऱ्याचदा कंडेन्स्ड मिल्क, दही आणि लोणी. जनावराच्या बाजूने बघितलं तर एक हिशेब मिटवून दुसरा वाढवला. पण ‘एगलेस’चा हेतू कोंबडी वाचवण्याचा कधी नव्हताच. खाणाऱ्याला विटाळ होऊ नये, एवढाच होता. आता याच मानसिकतेने वीगन शब्द उचललाय. मला त्याची चीड येते, कारण मी स्वतः दूध-अंडं-मासे काही खात नाही, आणि या निर्णयाचा असा वापर व्हावा हे मला मंजूर नाही.

मी पेण तालुक्यातल्या जोह्याचा. आमच्याकडे सुकट-बोंबलाशिवाय पावसाळा निघत नाही. घरात एकाच चुलीवर बोंबील तळला जातो आणि माझी वालाची आमटीही शिजते. ताटं शेजारी-शेजारी असतात, मध्ये भिंत नसते. नवी मुंबईत भाड्याचं घर बघायला गेलो, तेव्हा एजंटचा पहिला प्रश्न पगाराचा नव्हता. ‘नॉनव्हेज चालतं का तुम्हाला?’ मी म्हटलं, मी वीगन आहे. एजंटचा चेहरा खुलला. ‘मग तर प्रश्नच मिटला!’ मी विचारलं, आई राहायला येईल, ती मासे करेल, चालेल ना? प्रश्न परत उगवला. त्या सोसायटीला माझं वीगन असणं चाललं, माझी आई चालली नाही. ज्या शब्दाने आईला दाराबाहेर ठेवता येतं, तो शब्द करुणेचा राहत नाही.

हे फक्त घरभाड्यापुरतं नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जे अंडं खात नाहीत त्यांना केळं किंवा फळ. जानेवारी २०२५ मध्ये त्या अंड्यासाठीचा वेगळा निधी बंद झाला. शाळांनी हवं तर लोकवर्गणीतून बघावं, असा निर्णय आला. मधल्या काळात अंड्याला विरोध करणाऱ्यांनी मोहिमा चालवल्या होत्या. कोणी मला म्हणेल, तू वीगन, तुला तर आनंदच व्हायला हवा. अजिबात नाही. माझ्या कुकीत अंडं नसलं तर कोणाचं काही बिघडत नाही, कुकी ही चैनीची गोष्ट आहे. पण ज्या मुलाच्या आठवड्यात प्रथिनांची ती एकच खात्रीची गोष्ट होती, त्याच्या ताटातून ती उचलणं हे भरल्या पोटी केलेलं पुण्य आहे. आपल्या ताटातून काढणं आणि दुसऱ्याच्या ताटातून काढणं या दोन क्रियांना एकच शब्द वापरायला माझी सक्त हरकत आहे.

शनवार तेल्यांचं नारळाचं दूध

बिनदुधाचं गोड खाणं म्हणजे शुद्धतेचा कळस, असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा रायगड जिल्ह्याचाच इतिहास बघावा. इथे शेकडो वर्षं एक समाज मुद्दाम दुधाशिवायचं गोड करत आलाय, आणि त्याचं कारण ऐकून सात्त्विक मंडळींची पंचाईत होईल.

हा समाज म्हणजे बेने इस्राएल. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या जहाजातून वाचले: सात पुरुष आणि सात बायका. गावोगाव पसरल्यावर त्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, ते घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर. पेणमध्ये त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, पण आडनावं आमच्या तालुक्यांची नावं घेऊनच गेली.

ज्यू धर्माच्या नियमाप्रमाणे मांस आणि दूध एकत्र खाता येत नाही. मटणाच्या जेवणानंतर बराच वेळ दुधाचं काही चालत नाही. मग सणाच्या दिवशी मटण झाल्यावर गोड काय वाढायचं? उत्तर परसातच उभं होतं. नारळ. बेने इस्राएलांच्या रश्शात नारळाचं दूध, आणि नव्या वर्षाच्या, रोश हशानाच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधात शिजवलेला.

आता नीट बघा इथे काय झालंय. दूध वगळलं, ते मटण खाणाऱ्याला दूर ठेवायला नव्हे. मटण खाल्लेल्या माणसालाही गोडाची वाटी हातात घेता यावी, म्हणून. नियम कडक होता, आणि त्या नियमातून स्वयंपाकघराने पाहुणचाराचा रस्ता काढला. वीगन कुकीचा खरा पूर्वज मला शोधायचा झाला, तर मी एखाद्या आश्रमात जाणार नाही, या शनवार तेल्यांच्या घरी जाईन.

आणि हिवाळ्याचा सणही आहे त्यांच्याकडे. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या तू बिश्वात या झाडांच्या सणाला एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाची आठवण करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. एलिया तिथून रथातून स्वर्गात गेला आणि रथाच्या खुणा खडकावर राहिल्या, अशी त्यांची श्रद्धा. त्या दिवशी करतात मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. दूध नाही, अंडं नाही, तूपही लागत नाही. पेणच्या पोह्यांचे पापड जगभर जातात, हे पेणकरांना वेगळं सांगायला नको. त्याच पोह्यांचा हा प्रसाद. त्यावर कोणी हिरवा लोगो लावला नाही आणि लावायची गरजही पडली नाही.

सण कोणाचा?

आता पहिल्या गटाकडे वळतो. ख्रिसमस आपला नाही म्हणे.

रोह्यातून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एका बाजूला रेवदंडा आहे आणि दुसऱ्या बाजूला कोर्लई. सोळाव्या शतकात पोर्तुगीज चौल-रेवदंड्याला आले, १७४० मध्ये मराठ्यांनी त्यांना तिथून घालवलं. राज्य गेलं, पण कोर्लईत कॅथलिक वस्ती राहिली, आणि तिथले लोक आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून बनलेली स्वतःची बोली बोलतात. नाताळ तिथे कित्येक पिढ्या साजरा होतोय. रोह्याच्या माणसाला नाताळ परका वाटत असेल, तर त्याने आपल्याच नदीच्या काठाने शेवटपर्यंत चालत जावं.

मसाल्याचं तर बोलूच नका. हॉलंडमध्ये सेंट निकोलसच्या सणाला, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, ‘स्पेक्युलास’ नावाची बिस्किटं खातात: दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ, वेलची. यातलं एक तरी झाड हॉलंडमध्ये उगवतं का? मिरी-वेलची मलबारची, दालचिनी श्रीलंकेची, लवंग-जायफळ इंडोनेशियाच्या बेटांवरचं. या मालासाठी डचांनी बेटं उद्ध्वस्त केली. आपल्या वेंगुर्ल्यातही सतराव्या शतकात त्यांची वखार होती. म्हणजे माल आशियाचा, सण युरोपचा, आणि आता ती कुकी आम्ही भाजली तर संस्कृती बुडते! उलट मी म्हणतो, उशिरा का होईना, आपला मसाला घरी आला.

आणि घटकांची यादी करून बघा. तीळ, गूळ, शेंगदाणे, वेलची, जायफळ: हा तिळगूळ. पीठ, गूळ, खोबरेल, सुंठ, लवंग: ही कुकी. थंडीत उष्ण मसाला, गूळ आणि तेलबियांची चरबी एकत्र करायची, हे गणित भोगी-संक्रांतीचं आहे. भट्टीची रीत वेगळी, एवढंच. त्यात डिसेंबर म्हणजे बहुतेक वेळा मार्गशीर्ष. गुरुवारी आमच्या आगरी घरांत मासळी बंद, काहींकडे तर महिनाभर. अंड्याचा केक आणला तर तो त्या दिवशी निम्म्या घराला चालत नाही. ही कुकी चालते. व्रत करणारी काकी खाते, शेजारच्या मुस्लिम घरातली पोरं खातात, कारण यात रम नाही की जिलेटिन नाही. जैन मित्र खातो, कारण आलं नसलं तरी सुंठ त्याला चालते आणि मध मी घालतच नाही. दूध न पचणारेही खातात, आणि असे लोक थोडेथोडके नाहीत: जगातल्या साधारण दोन तृतीयांश प्रौढांना दुधातली साखर नीट पचत नाही. एका डब्यातून इतकी माणसं खातात. मला वीगन कुकी आवडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

लेबलाचा भाव

तिसराही एक गट आहे, जो भांडत नाही, विकतो. बदामाचं पीठ, आयात केलेलं ‘प्लांट बेस्ड बटर’, मेपल सिरप, वर क्राफ्ट पेपरचा डबा आणि सुतळी. किंमत बघितली की वाटतं, एवढ्यात आमच्याकडे वर्षभराची सुंठ येईल. आणि मग लोक म्हणतात, वीगन हे श्रीमंतांचं फॅड आहे. हे फॅड कोणी केलं?

जोह्याच्या माणसाला लेबल आणि भाव यांचं नातं शिकवावं लागत नाही. हमरापूर-जोहे म्हणजे गणपतीचे कारखाने. प्लास्टर की शाडू, हा वाद आम्ही लहानपणापासून ऐकतोय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मूर्तींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हापासून तर जास्तच. वाद महत्त्वाचा आहे, समुद्र आणि तलाव खराब होतात हे खरंच आहे. पण ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द शहरातल्या दुकानात मूर्तीवर चिकटला की किंमत वाढते, आणि वाढलेल्या किमतीतलं किती साच्यातून मूर्ती काढणाऱ्या, डोळ्यांची आखणी करणाऱ्या हातापर्यंत पोचतं, हे विचारायला कोणी गावात येत नाही. शाडूची माती गुजरातमधून ट्रकने येते, हेही लेबलावर नसतं. चांगल्या कामाचा शब्द बाजाराने उचलला की तो आधी महाग होतो, मग रिकामा होतो.

वीगनचं तेच होतंय. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वीगन पदार्थांसाठी नियम आणि वेगळा लोगो आणला. चांगली गोष्ट आहे, निदान खोटं लिहिता येणार नाही. पण लोगो फक्त इतकंच सांगतो, की यात प्राण्यापासूनचं काही नाही. ते चांगलं आहे, स्वस्त आहे, न्याय्य आहे यातलं काहीही तो सांगत नाही.

उदाहरण घ्या. गल्लीतल्या बेकरीची नानखटाई बहुतेक ठिकाणी वनस्पती तुपात होते, ज्याला आपण सगळे डालडा म्हणतो. डालडा १९३७ मध्ये आपल्याकडे आला आणि साजूक तूप न परवडणाऱ्या घरांचा सण त्याने केला. त्या नानखटाईत दूध-दही नसेल तर ती वीगनच झाली की! पण तेल गोठवून केलेल्या त्या तुपात ट्रान्स फॅट असायचं, जे हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली, तोपर्यंत किती पिढ्यांनी ते खाल्लं. आणि पाकीटबंद बिस्किटांच्या मागचं बारीक अक्षर वाचा: पाम तेल. भारत हा जगातला सगळ्यात मोठा पाम तेल आयात करणारा देश आहे, आणि इंडोनेशिया-मलेशियात त्या बागांसाठी जंगलं कापली गेली. त्या जंगलातली जनावरं वीगनच्या हिशेबात धरायची की नाही?

उलट बाजूही बघा. बेल्जियमचं बिस्कॉफ हे १९३२ सालच्या कंपनीचं दालचिनीचं बिस्किट. त्याच्या मूळ कृतीत दूध नाही, अंडं नाही, लोणी नाही. ते कोणाच्या नीतीसाठी तसं झालं नव्हतं, कॉफीसोबतचं साधं बिस्किट होतं. बिनदुधाचं खाणं हे जगात बहुतेक वेळा साध्या, काटकसरी घरांतून आलंय. त्याला महाग करणं ही त्याची चेष्टा आहे.

मग करायचं कसं?

टीका करून थांबणं मला पटत नाही, म्हणून कृती देतो. दिवसा कोड लिहितो, त्यामुळे मला ‘अमुक काढून तमुक घाला’ एवढं पुरत नाही. अमुक तिथे काय काम करत होतं, ते आधी कळायला हवं.

लोण्यात साधारण ८० टक्के चरबी आणि १६ टक्के पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तेल ओतलं तर कुकी तेलकट होऊन पसरणार. ८० ग्रॅम तेल आणि चमचाभर पाणी, एवढाच हिशेब. महागडं वीगन बटर म्हणजे हाच हिशेब कारखान्यात करून डबीत भरलेला.

लोण्याचं दुसरं काम म्हणजे थंडीत घट्ट राहणं. त्यासाठी खोबरेल तेल. ते साधारण २४ अंशांना वितळतं. डिसेंबरच्या पहाटे आमच्याकडे बाटलीत गोठलेलं असतं, दुपारी पाणी. म्हणून पीठ सकाळी लवकर मळा, किंवा मळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. खाण्याचं तेल घ्या. आपल्याकडे खोबरेल म्हटलं की आधी डोकंच आठवतं, आणि हा गोंधळ एवढा खोल आहे, की छोट्या बाटलीतलं खोबरेल हे खाद्यतेल की केसांचं तेल हा कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला: केसांचं म्हणून विकत नसाल तर ते खाद्यतेल. तेव्हा निश्चिंत मनाने खा.

अंड्याला पर्याय शोधू नका. जवसाची पेस्ट, सफरचंदाचा गर वगैरे भानगडी केकसाठी. पातळ, खुसखुशीत कुकीला अंडं लागतच नाही. नानखटाईला कुठे लागतं?

प्रमाण असं:

गव्हाचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाचं पीठ ५० ग्रॅम. तांदळात ग्लुटेन नसल्यामुळे कुकी चिवट होत नाही.
बारीक चिरलेला किंवा पावडर गूळ ९० ग्रॅम.
खोबरेल तेल ९० ग्रॅम.
नारळाचं घट्ट दूध तीन मोठे चमचे.
सुंठ दीड छोटा चमचा, दालचिनी एक, वेलची अर्धा, लवंग आणि जायफळ पाव-पाव, मिरी चिमूटभर.
खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर.

गूळ नारळाच्या दुधात कालवून घ्या, तेल घालून फेटा, मग बाकीचं सगळं चाळून घाला आणि हलक्या हाताने गोळा करा. जास्त मळू नका, चपाती करायची नाहीये. गूळ किंचित आंबट असतो, त्यावर सोड्याचं काम होतं आणि रंगही छान येतो. अर्ध्या सेंटिमीटरची पोळी लाटून वाटीने कापा. ओव्हन असेल तर १७० अंशांवर १२ ते १४ मिनिटं. नसेल तर जाड कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवा, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. काढताना मऊ लागतील, घाबरू नका, गार झाल्यावर कडक होतात. गूळ हवेतला ओलावा ओढतो, म्हणून पूर्ण गार झाल्यावरच स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

यातलं सगळं पेणच्या बाजारात मिळतं. आजीने पहिल्यांदा डबा बघून विचारलं होतं, ‘दूध नाय, अंडा नाय, मंग हाय तरी काय त्यान?’ खाल्ल्यावर म्हणाली, सुंठ कमी हाय. सुंठेचं वरचं प्रमाण तिच्या हिशेबाने आहे.

राहिलेले आक्षेप

‘दूध सोडलं तर शेतकऱ्याचं काय?’ प्रश्न खरा आहे, आणि मी गावात राहून तो उडवून लावणार नाही. जोडधंदा म्हणून दोन म्हशी असलेल्या बाईला माझी कुकी बुडवणार नाही. तिला बुडवतो तो दुधाचा पडता भाव आणि चाऱ्याचा चढता. पण दुधाच्या धंद्याचा न बोललेला भागही आहे. गाय-म्हैस दूध देते ती व्यायल्यावर, आणि निम्मी वासरं नर जन्मतात. शेतात ट्रॅक्टर आलाय, २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग तो गोऱ्हा जातो कुठे? ज्यांना दूध पवित्र वाटतं आणि बोंबील अपवित्र, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली आहे. माझी आजी बोंबील खाते, आणि तो कुठून आला हे तिला माहीत असतं. पेढा खाणाऱ्याला त्या गोऱ्ह्याचं माहीत नसतं. या दोघांत कोण जास्त अहिंसक, हे इतक्या घाईने ठरवू नका.

‘मग घरच्यांना का थांबवत नाहीस?’ कारण माझा निर्णय माझ्या ताटापुरता आहे. बोलायला मला आवडतं, वाद घालायला त्याहून आवडतं, आणि घरात वाद होतातही. पण वाद हरल्यावर समोरच्याचं ताट ओढायचा हक्क मला नाही. जिंकल्यावरही नाही.

‘एका कुकीने काय होणार?’ फार काही नाही. लोण्याची एक वडी वाचेल. पण कोणत्या कारणाने वाचली, हे मला महत्त्वाचं वाटतं. करुणेने वाचली तर तो माणूस उद्या जनावराबद्दल, कामगाराबद्दल, जंगलाबद्दलही विचारेल. सोवळ्याने वाचली तर तो उद्या शेजाऱ्याच्या दारात उभा राहून वास घेईल.

म्हणून या डिसेंबरात कुकीज करा, वाटा, ऑफिसला न्या. डब्यावर ‘शुद्ध’ लिहू नका, ‘सात्त्विक’ लिहू नका. आत काय आहे ते साध्या अक्षरांत लिहा: गहू, तांदूळ, गूळ, खोबरेल, नारळ, मसाले. ज्याला जे चालत नसेल तो स्वतः वाचून ठरवेल. आणि डबा पुढे करताना समोरच्याने दुपारी काय खाल्लं, हे विचारू नका.